काठावरचे वाडगे

तीन दिवस आमच्या घरात काही फुटायचं नाही आणि भांडण व्हायचं नाही, असं कुणी सांगितलं तर आमचं अख्खं लुकांग गाव पोट धरून हसेल. एक तर आमचं दुकान चिनी मातीच्या वाडग्यांचं. त्यात तिथे बसते माझी आई.

पण अट पडली खरी. माझा धाकटा भाऊ चिन-थू माकडाच्या वर्षातला. त्याने पसंत केलेली पी-युन बाजारात कालवं सोलायची, ती वाघाच्या वर्षातली. दोघांत सहा वर्षांचं अंतर, म्हणजे राशी अगदी समोरासमोर. आंधळ्या ज्योतिषीबुवांनी दोघांच्या जन्माचं वर्ष, महिना, दिवस, वेळ सांगणारी आठ-आठ अक्षरं बोटांच्या पेरांवर मोजली आणि नकारार्थी मान हलवली.

"वाघीण, तीही रात्री जन्मलेली, शिकारीच्या वेळची!" आई म्हणाली. "पोराला गिळेल माझ्या आणि वर ढेकर देईल."

"आई, मीही वाघच आहे."

"म्हणून तर तुझा नवरा असा वाळलाय!"

हे मला फार लागलं. गावातल्या एकाही लग्नात मला नवरीच्या खोलीत पाऊल टाकू दिलं नव्हतं. वाघाच्या वर्षातली बाई आत गेली की म्हणे संसाराला दृष्ट लागते. सख्ख्या मैत्रिणीच्या लग्नातही मी दाराबाहेर उभी होते. म्हणून मला हे लग्न हवंच होतं, अगदी हट्टाने.

शेवटी बाबांनी जुना मार्ग काढला. "पोरीच्या आठ अक्षरांचा लाल कागद पूर्वजांच्या देव्हाऱ्यात ठेवू. तीन दिवसांत काही फुटलं नाही, वाद झाला नाही, तर त्यांचा होकार समजायचा."

आई लगेच हो म्हणाली. का नाही म्हणणार? आमच्याकडे रोज एक तरी वाडगा फुटतोच, गिऱ्हाइकाच्या हातून नाहीतर चिन-थूच्या.

पहिल्याच सकाळी माहेरी येऊन बघते तर बाकी सगळा माल पेंढ्याच्या दोरीने बांधलेला आणि काउंटरच्या अगदी काठावर सुट्या वाडग्यांची चळत. येणाऱ्याचं कोपर लागलंच पाहिजे अशी. मी ती आत सरकवली. पाणी पिऊन आले तो चळत पुन्हा काठावर.

"आई, ही इथे कुणी गं ठेवली?" मी गोड आवाजात विचारलं.

"गिऱ्हाइकाला दिसायला नको का, बाळा?" तीही साखरेत घोळून बोलली.

भांडायची सोय नव्हती ना! एरवी मी तिला सोडलं नसतं. दोन दिवस मी चळत आत ढकलत होते, ती बाहेर ओढत होती आणि दोघी एकमेकींकडे बघून हसत होतो. माझे गाल दुखायला लागले. बाबा शिंकायलासुद्धा रस्त्यावर जात होते.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी दुकानाच्या टोकाला झाडत होते आणि जमीन हलली. भूकंप आम्हाला नवा नाही, पण हा चांगलाच होता. बांधलेला माल फळ्यांवर खडखडला, तरी जागचा सुटला नाही. काठावरची चळत मात्र घसरली. मी लांब होते. मला वाटलं, संपलं सगळं.

तेवढ्यात आई झेपावली. गुडघ्यांपायी जिना न चढणारी माझी आई! तिने पोटाने चळत काउंटरला दाबून धरली, वरचा वाडगा निसटला तो डाव्या हाताने हवेत झेलला, आणि हादरे थांबेपर्यंत तशीच उभी राहिली. गल्लीत सगळीकडे काचा फुटत होत्या. आमच्याकडे टवकासुद्धा उडाला नाही.

"सोडायचा होतास की एखादा," मी म्हणाले.

"माल आहे तो!" आई हातातला वाडगा छातीशी धरून म्हणाली. "माझ्या हातून कधी फुटलाय का वाडगा?"

मग तिला कळलं आपण काय केलं ते. तिने देव्हाऱ्याकडे पाहिलं. लाल कागद जागच्या जागी होता. दिवस मावळला, मुदत संपली. बाबांनी उदबत्ती लावली, आणि चिन-थू अनवाणीच बाजाराकडे धावत सुटला.

लग्नात त्याच वाडग्यांतून तांदळाच्या पिठाच्या गोड गोळ्यांचं सूप वाढलं. पी-युनला नवरीच्या खोलीत नेलं आणि मी सवयीने दाराबाहेर थांबले. मावशीने हात आडवा घातलाच होता, "वाघ आत नको हं!"

आईने तो हात झटकला.

"एक वाघीण मी स्वतःच्या हातांनी घरात घेतली," ती म्हणाली, "आता पोटची बाहेर ठेवू होय? चल गं लिएन, तुझ्या वहिनीला सूप भरव."

मी मान ताठ करून आत गेले.