आधी सत्कार उतरवा

आनंदसागर नाट्यगृहाचा रंगमंच सिमेंटचा करायचा, हे ठरल्यातच जमा होतं. कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या गुळाच्या अडत्यांनी एके काळी वर्गणी काढून बांधलेलं हे थेटर. मागच्या पावसाळ्यात त्याचं छप्पर खाली आलं, पुढच्या खुर्च्या चिरडल्या, भिंतींना भेगा पडल्या. सागवानी रंगमंच तेवढा कसा कोण जाणे शाबूत राहिला. नवं छप्पर चढलं, गिलावा होत आला, आणि मग दुरुस्ती समितीचे अध्यक्ष विजयसिंह म्हणाले, "आता ह्या जुन्या फळ्या काढून टाका. वाळवी लागली तर? नाचताना एखाद्या पोरीचा पाय आत गेला तर? लोक माझ्या नावानं शंख करतील." माणूस वाईट नव्हता, नुसता घाबरट होता.

आक्काताईंनी हे ऐकलं आणि त्यांचं डोकंच फिरलं. परकर-पोलक्यात असताना त्या ह्याच फळ्यांवर पहिल्यांदा उभ्या राहिल्या आणि पुढं उभा जन्म नाटकात काढला. तेव्हा माईक कुठला आला? फळ्यांखाली मुद्दाम पोकळी ठेवलेली, त्यामुळं साधं बोललेलंसुद्धा शेवटच्या रांगेतल्या हमालापर्यंत स्वच्छ जायचं. त्या ह्या रंगमंचावर आई झाल्या, राणी झाल्या, मोलकरीण झाल्या. आणि आता त्यावर सिमेंट? समितीच्या बैठकीत त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. त्या गेल्या.

"फळ्या काढल्या तर हितं नाटक व्हायचं न्हाय, नुसती लग्नं लागतील," दारातूनच त्यांनी सुरू केलं. "मी बिनमाईकचं बोलून दाखवते. शेवटच्या रांगेत ऐकू आलं तर लाकूड ऱ्हायचं. न्हाय आलं तर पहिली पहार मी मारते. बोला!"

विजयसिंहांनी पैज घेतली. येता रविवार ठरला.

दुरुस्तीचं काम बघणारी आर्किटेक्ट निशिगंधा लाकडाच्याच बाजूची. समितीपुढं घसा कोरडा करून ती थकलेली. ती आक्काताईंच्या मागं मागं बाहेर आली. "आक्काताई, तुमच्या घशाचं ऑपरेशन झालंय. डॉक्टरांनी ओरडायचं नाही म्हणून बजावलंय ना?"

"ओरडणार कोण हाय?" आक्काताई म्हणाल्या. "ओरडायचंच आसंल तर मग फळ्या कशाला पायजेत?"

रविवारी सकाळी मागच्या दाराशी काँक्रीटचा मिक्सर येऊन उभासुद्धा होता. आक्काताईंनी त्याच्याकडं बघितलंच नाही. पण कोल्हापूरच ते! एवढी मोठी कलावंत यायची आणि तिनं नुसतं बोलून घरी जायचं? सत्कार नको व्हायला? मंडपवाल्या बाळासोनं सगळ्या रंगमंचावर जाड लाल गालिचा अंथरलेला. मागची भिंत गिलाव्यानं ओली, म्हणून स्वागताचा फ्लेक्स त्यानं समोर बाल्कनीच्या कठड्यावरून खाली सोडला होता, डोक्याच्या उंचीपर्यंत. त्यावर विजयसिंहांचा हसरा चेहरा एखाद्या दाराएवढा, आणि खाली कोपऱ्यात आक्काताईंचा, पासपोर्टच्या फोटोएवढा. मग आक्काताईंसाठी भगवा फेटा आला, तो हौसेनं कानावरून घट्ट बांधला गेला. शाल आली, श्रीफळ आलं, हार आला. टाळ्या थांबेनात. आक्काताईंनाही बरं वाटलं, खोटं कशाला बोला?

मग समितीची माणसं बाल्कनीखालच्या शेवटच्या रांगेत जाऊन बसली, आणि आक्काताईंनी जुन्या नाटकातलं, पोराला लढाईवर धाडणाऱ्या आईचं बोलणं सुरू केलं. मन लावून बोलल्या. संपलं, आणि मागून विजयसिंहांची आरोळी आली, "ताईऽ, नुसतं गुणगुणल्यागत येतंय! शब्द कळंनात!"

त्या पुन्हा बोलल्या. अजून जोर लावला. घसा चिरला आणि खोकल्याची उबळ आली. निशिगंधा पाणी घेऊन धावली.

"ऱ्हाऊ द्या ताई," विजयसिंह पुढं येत म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटत होतं. "तुमी लई केलंसा. वयाचा मान हाय, कुणी नावं ठेवणार न्हाय."

आपला आवाजच संपला, असं आक्काताईंना वाटलं. आपण पैजेच्या तोऱ्यात बोलून बसलो, आणि आता आपल्यापायी ह्या फळ्या जाणार. डोळ्यांत पाणी आलं. निदान माफी तरी मागावी म्हणून त्या खाली वाकल्या. रंगमंचावर पाऊल टाकण्याआधी फळीला हात लावून कपाळाला लावायचा, ही नाटकवाल्यांची रीत. आज सत्काराच्या गडबडीत ती राहूनच गेलती. त्यांनी हात टेकला, आणि तो गालिच्यात रुतला.

"अगं बाई!" आक्काताई ताठ झाल्या. "फळी कुठाय? मी मघापासनं गादीवर उभी ऱ्हाऊन बोलाय लागलीया व्हय? बाळासो, उचल हे!"

"ताई, सत्काराचा गालिचा हाय..."

"आधी सत्कार उतरवा माझा! मग बोला!" त्यांनी स्वतःच फेटा ओढून काढला. कान मोकळे झाले. शाल, हार, नारळ सगळं निशिगंधाच्या हातात दिलं. पण निशिगंधाचं लक्ष समोर होतं. "आक्काताई, तो फ्लेक्स," ती म्हणाली. "त्यानं शेवटच्या रांगा झाकून टाकल्यात. आवाज आत जाणार कुठून? सकाळपासून मी त्याच्यासमोर उभी आहे आणि माझ्याही ध्यानात आलं नाही."

बाळासो गालिचा गुंडाळून बाल्कनीत गेला, पण दोरीला हात लावायला तयार होईना. "सायबांचं तोंड हाय त्यावर."

"तेच आडवं आलंय नव्हं!" आक्काताई म्हणाल्या.

सगळं थेटर हसलं. विजयसिंह लाल झाले, क्षणभर आता चिडतात की काय असं वाटलं. मग जिना चढून गेले आणि स्वतःच्या हातानं गाठी सोडल्या. फ्लेक्स धबकन खाली आला. खाली येऊन तो तुडवत ते शेवटच्या रांगेतल्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर जाऊन बसले. "हं, बोला!"

आक्काताईंनी चपला काढल्या. फळीला हात लावला, कपाळाला लावला. उघड्या तळव्यांना लाकूड लागलं आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. घसा दुखत होता. लढाईवर धाडणारी आई आता काही जमणार नव्हती. त्या शेजारणीशी बोलावं तशा, अगदी सावकाश म्हणाल्या, "विजयसिंहराव, त्यो मिक्सर आणून उभा केलायसा, त्याचं आता काय करायचं?"

"कंपाउंडाच्या भिंतीला वापरू की," विजयसिंह म्हणाले. तेही तसेच, जागेवरून न हलता, आवाज न चढवता.

मग त्यांचं त्यांनाच कळलं. ते खुर्चीवरून अर्धे उठले आणि तसेच राहिले.

आक्काताईंना त्यांचा शब्दन् शब्द ऐकू आला होता. त्या फळ्यांवर मांडी घालून बसल्या आणि आज पहिल्यांदाच पोटभर रडल्या.