सोबतीचं नाव

परदेश दौऱ्याची बैठक कॉलेजच्या सेमिनार हॉलमध्ये होती. मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षातली निवड झालेली मुलं पुढच्या रांगांत दाटीवाटीनं बसली होती. स्वरूपा दाराजवळच्या खुर्चीवर बसली. जर्मनीतले गाड्यांचे कारखाने बघायचे आणि तिथल्या एका कॉलेजात आठवडाभर वर्कशॉप करायचं, असा बेत होता. चाकणच्या ज्या कंपनीशी कॉलेजचा करार होता, तिनंच बराचसा खर्च उचलला होता, म्हणून तर जवळच्या कुरुळी गावातल्या कामगाराची मुलगी स्वरूपा त्या यादीत येऊ शकली होती.

शेखर सर दौऱ्याचे प्रमुख. त्यांनी आधी व्हिसा, विमा, लसी यांचं सांगितलं. मग ते टेबलाला टेकून उभे राहिले.

"आता नीट ऐका. औषधं मूळ पाकिटातच ठेवायची आणि हातातल्या बॅगेत. सामानात टाकायची नाहीत. डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत घ्या. हॉटेलबाहेर एकट्यानं जायचं नाही. आणि बरं वाटत नसेल तर त्याच मिनिटाला सांगायचं. सगळ्यांचा खोळंबा होईल म्हणून गप्प बसलात तर मी जास्त चिडेन."

मुलं हसली. सर हसले नाहीत.

"शेवटचं. कुणाला दमा, फीट, शुगर, असं कायमचं काही असेल तर मला एकट्यात येऊन सांगा. त्यामुळे कुणाचं नाव कापलं जाणार नाही. पण अशा प्रत्येकाच्या खोलीत एक सोबती असेल. त्याला तो आजार माहीत पाहिजे आणि काय करायचं तेही माहीत पाहिजे. हा सोबती तुमचा तुम्ही निवडायचा."

बाकीची मुलं खोल्या कशा वाटायच्या याची चर्चा करत बाहेर पडली. स्वरूपा थांबली.

"सर, मला शुगर आहे," ती म्हणाली. "सहावीत असल्यापासून. रोज इन्सुलिन घेते."

हे वाक्य तिनं कॉलेजात पहिल्यांदा उच्चारलं होतं. सरांनी हातातली यादी खाली ठेवली.

"तीन वर्षं मी तुला शिकवतोय. मला माहीत नव्हतं."

"कुणालाच नाही, सर."

"बरं. डॉक्टरांना भेट. तिकडची वेळ आपल्या मागं आहे, तेव्हा डोस कसे घ्यायचे ते त्यांच्याकडून लिहून आण. इन्सुलिनचा साठा दुप्पट बरोबर घे आणि दोन बॅगांत वाटून ठेव. सोबतीला कोण?"

"सांगते, सर."

सांगायला कोणी नव्हतंच. आजार कळला तेव्हा आईनं तिला जवळ बसवून एकच गोष्ट बजावली होती, की हे घराबाहेर जाता कामा नये. पोरीच्या जातीला असं काही चिकटलं की पुढं कोण करून घेणार, अशी तिची भीती. तेव्हापासून स्वरूपा सुई घ्यायला बाथरूममध्ये जायची. वर्गात कुणाचा वाढदिवस असला की केक कापायच्या आधी निघून यायची. डब्याच्या वेळी लायब्ररीत काम आहे, पोट दुखतंय, उपवास आहे, असं काहीतरी सांगायची. पहिल्या वर्षी मुली आग्रह करत. दुसऱ्या वर्षी त्यांनी विचारणं सोडलं. भाव खाते, असं त्या म्हणतात हे तिला ठाऊक होतं. ते खोडून काढायचं तर खरं सांगावं लागलं असतं.

राहता राहिली तेजल. तीही त्याच वर्गातली, दौऱ्याच्या यादीतली. ती मोशीला बसमध्ये चढायची. स्वरूपा कुरुळीहून आधीच बसलेली असायची, त्यामुळे शेजारची जागा ती तेजलसाठी धरून ठेवी. चिंचवडपर्यंत दोघी असाइनमेंटबद्दल बोलायच्या, नाहीतर तेजल कानात इअरफोन घालून झोपायची. याला मैत्री म्हणायचं की नाही, हे स्वरूपानं कधी ठरवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बस भोसरीच्या पुलाखाली अडकली होती, तेव्हा तिनं तेजलला सांगितलं. सगळं, एका दमात. तेजलनं इअरफोन काढले.

"अगं मग एवढे दिवस बोलली का नाहीस?" ती म्हणाली. "मी राहते की तुझ्यासोबत. त्यात काय."

त्या दुपारी रिकाम्या वर्गात स्वरूपानं तिला शिकवलं. शुगर उतरली की हात थरथरतात, घाम फुटतो, माणूस काहीबाही बोलायला लागतो. शुद्धीवर असेल तर ज्यूस किंवा ग्लुकोज द्यायचं, पंधरा मिनिटांनी परत तपासायचं. शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालायचं नाही, सरळ ॲम्ब्युलन्स. तेजलनं शुगर तपासायचं मशीन हातात घेऊन पाहिलं. स्वरूपानं बोट टोचून थेंब काढला तेव्हा तिनं मान वळवली, पण लगेच परत पाहिलं.

पुढचे काही दिवस स्वरूपाला फार बरे गेले. बसमध्ये चढल्याचढल्या तेजल विचारायची, "खाल्लंस का?" वर्गात लांबून खूण करून विचारायची. इतकी साधी गोष्ट, पण स्वरूपा घरी जाऊन ती आठवत बसायची. खोलीत रात्री काय गप्पा मारू, बॅगा कुठे ठेवू, सकाळी आधी कोण उठेल, हेसुद्धा तिनं मनात ठरवून टाकलं होतं.

मग एका सकाळी तेजल बसमध्ये चढली आणि शेजारी बसली, पण काही विचारलं नाही. नाशिक फाटा आला तरी ती खिडकीबाहेरच बघत होती.

"स्वरूपा, मला जमणार नाही गं," ती शेवटी म्हणाली.

"काय?"

"सोबत राहायचं. मी दोन रात्री झोपले नाहीये. सारखं वाटतं, तुला काही झालं आणि मी गाढ झोपलेली असले तर? माझी झोप माहितीये तुला. आई म्हणते एवढी जबाबदारी घेऊ नको. पण आईचं सोड, मलाच भीती वाटते."

स्वरूपाला राग आला असता तर सोपं गेलं असतं. तेजल खोटं बोलत नव्हती.

"बरोबर आहे तुझं," ती म्हणाली. "मी बघते दुसरं कुणीतरी."

 चिंचवडला उतरताना तेजलनं तिची बॅग धरायला हात पुढे केला, पण स्वरूपानं ती आधीच खांद्याला लावली होती.

दुसरं कुणी तिनं शोधलंच नाही. सरांकडे जाऊन तिनं सांगितलं, की नाव मिळालं नाही, माझ्या जागी दुसऱ्या कुणाला न्या. सरांनी तिला बसायला सांगितलं आणि वर्कशॉपच्या सुमन मॅडमना बोलावलं. मुलींबरोबर जाणाऱ्या शिक्षिका त्याच होत्या. पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या, लेथवर काम करताना साडीवर निळा कोट चढवणाऱ्या.

"माझ्या खोलीत राहील ती," सगळं ऐकून मॅडम म्हणाल्या. "काय करायचं ते मला आत्ताच दाखव."

असा तो प्रश्न सुटला.

घरी तिनं हे सांगितलं तेव्हा आई भाकरी थापत होती. तिचा हात थांबला.

"सरांना सांगितलंस? आन् त्या बाईलाबी?"

"नियमच आहे, आई. विम्यातही लिहावं लागतं."

"गावात कुणाला कळलं म्हंजे? एवढी वर्सं जपलं आमी, ते कशापायी?"

वडील, गोरक्ष, नुकतेच पहिल्या शिफ्टवरून आले होते. ते कंपनीत पत्रा दाबायच्या प्रेसवर होते. पायातले सेफ्टी शूज काढत ते म्हणाले, "आमच्याकडं बी मशीनवर चढताना दोन माणसं लागत्यात. येकटा चढू देत न्हाईत. त्यात लाजायचं काय हाय?"

"तुमाला कळत न्हाई," आई म्हणाली, आणि परत भाकरी थापू लागली. पण निघायच्या आदल्या दिवशी आईनंच औषधाच्या पाकिटांवर पिशव्या चढवल्या, राजगिऱ्याचे लाडू बांधले, आणि मग कपाळाला हात लावून म्हणाली, "हे चालत्यात न्हवं तुला? गूळ हाय त्यात."

"शुगर उतरली तर चालतात," स्वरूपा म्हणाली. आईनं मान डोलावली आणि लाडू बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवले.

जर्मनीत सगळं नीट चाललं होतं. मॅडम वेळेवर उठवायच्या, सकाळी शुगरचा आकडा विचारायच्या, संध्याकाळी घरी फोन करून लवकर झोपायच्या. त्यांचा फोन मुलाला असायचा आणि मिनिटभरात संपायचा. स्वरूपा अंथरुणात पडून पलीकडच्या खोलीतला आवाज ऐकायची. तिथं तेजल, वर्गातली सोनल आणि आणखी दोघीजणी राहत होत्या. त्या कशावर हसतायत ते भिंतीतून कळायचं नाही, फक्त हसणं कळायचं. बाहेर दहा वाजत आले तरी उजेड असायचा. एकदा तिनं दार उघडून कॉरिडॉरमध्ये पाऊलही टाकलं, पण त्या खोलीत जाऊन काय म्हणायचं ते तिला सुचेना. ती परत आली.

कारखान्याच्या भेटीच्या दिवशी मुलांचे दोन गट केले. मॅडम दुसऱ्या गटाबरोबर गेल्या. स्वरूपा सरांच्या गटात होती. जेवणाच्या हिशेबानं तिनं सकाळचं इन्सुलिन घेतलं होतं, पण माहिती देणारा माणूस उत्साही निघाला आणि प्रत्येक रोबोपाशी थांबून बोलत राहिला. जेवणाची वेळ टळून गेली. वेल्डिंगच्या विभागात पोहोचल्यावर तिच्या लक्षात आलं, की आपल्याला समोरच्या माणसाचे शब्द ऐकू येतायत, पण अर्थ लागत नाहीये. पाठ ओली झाली होती. बोटं थरथरत होती. पर्स हातातच होती, पण तिच्या चेनवर बोटं टिकेनात.

आजवर असं झालं की ती कुठल्यातरी आडोशाला जायची. इथं आडोसा नव्हता. जमिनीवर आखलेल्या पिवळ्या पट्ट्यांच्या आत सगळे उभे होते, पट्टीबाहेर पाऊल टाकायला मनाई होती. तिला रडू येईल असं वाटलं. मग तिनं सरांची बाही धरली.

"सर, मला बसायचंय. शुगर उतरलीय."

आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. माहिती देणारा थांबला. सगळे वळले. सरांनी तिची पर्स उघडून ज्यूसचा डबा काढला, नळी टोचून हातात दिला. कुणीतरी खुर्ची आणली. ती बसून ज्यूस पीत राहिली आणि वर्गातली मुलं अर्धवर्तुळ करून तिच्याकडे बघत राहिली. सोनल गुडघ्यावर बसून तिला वही हलवून वारा घालत होती. तेजल सगळ्यांच्या मागं होती. तिनं दोन्ही हात तोंडावर ठेवले होते.

पंधरा मिनिटांनी आकडा वर आला. बरं वाटलं तरी सरांनी तिला पुढं चालू दिलं नाही. गट पुढच्या विभागाकडे गेला. तिच्याजवळ कारखान्यातली एक वयस्कर बाई बसवली होती. बाईला इंग्रजी येत नव्हतं. तिनं डब्यातून ब्रेडचा तुकडा काढून दिला, स्वरूपानं तो खाल्ला, आणि दोघी यंत्रांचा आवाज ऐकत बसल्या. इतकी वर्षं जे होऊ नये म्हणून जपलं ते घडून गेलं होतं. आता तिला फक्त दमल्यासारखं वाटत होतं.

संध्याकाळी तेजल खोलीच्या दारात आली. मॅडम खाली गेल्या होत्या.

"बरी आहेस?"

"हो."

तेजल चौकटीला धरून उभी राहिली. "मला सगळं माहीत होतं गं. तू शिकवलं होतंस. तरी माझे पायच हलले नाहीत. बरं झालं मी तुझ्या खोलीत नाही."

नाही गं, तू केलं असतंस, असं म्हणावं असं स्वरूपाच्या मनात आलं. पण तिला ते खरं वाटेना.

"आत ये ना," ती म्हणाली.

"खोलीतल्या मुली वाट पाहतायत," तेजल म्हणाली. ती गेली.

कुरुळीला परतल्यावर आईनं आधी तिचा चेहरा हातात घेऊन पाहिला, मग जेवायला वाढलं. जेवण निम्मं झाल्यावर तिनं विचारलं, "तिकडं कुणाला काही कळलं न्हाई न्हवं?"

"सगळ्यांना कळलं."

 वडिलांनी पाण्याचा तांब्या आईकडे सरकवला. पाणी पिऊन ती म्हणाली, "मग काय म्हणाली समदी?"

"काहीच नाही म्हणाली. एकीनं वारा घातला."

 आई उठली नाही, स्वरूपाचं जेवण संपेपर्यंत तिथंच बसून राहिली.

कॉलेज सुरू झाल्यावर सोनलनं तिला कँटीनमध्ये हाक मारली. टेबलाभोवती चौघीजणी होत्या. त्यांनी सरकून जागा केली. आधी थोडा वेळ सगळ्यांनी शुगरबद्दल विचारलं, दुखतं का, गोड अजिबातच चालत नाही का. स्वरूपानं उत्तरं दिली. मग तो विषय संपला आणि त्या आपापल्या गोष्टींवर आल्या. दुसऱ्या वर्षाच्या ट्रेकचा किस्सा निघाला, कुणाच्यातरी भावाच्या लग्नातली फजिती निघाली, एका सिनिअरला त्यांनी ठेवलेलं नाव निघालं. त्या अर्ध्या वाक्यावरच हसत होत्या. पुढचं सगळ्यांना पाठ होतं. स्वरूपाला त्यातलं काहीच माहीत नव्हतं. त्या गोष्टींत ती कुठंच नव्हती.

तेजल समोर बसली होती. तिनं एकदा वर पाहिलं आणि परत डब्यात बघू लागली.

आणखी एक नाव निघालं आणि टेबल हसलं. स्वरूपा शेजारच्या मुलीकडे वळली.

"हा कोण?" तिनं विचारलं.

"अगं, तुला माहीत नाही?" ती मुलगी म्हणाली, आणि मग घास बाजूला ठेवून तिनं पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.