कपाटातलं यंत्र आणि बाबांचं नाक

"साहेब, गॅस मोजायचं यंत्र तुम्ही कपाटात कुलूप लावून का ठेवता?"

हे विचारायची पैज मैत्रिणींनी लावली होती. आमच्या वांग्यांच्या शेताला लागून क्लोरीनच्या टाक्या भरायचा कारखाना आहे. त्याचा सुपरवायझर शाळेत सुरक्षेवर भाषण ठोकायला आलेला. माणूस कसला, फुगलेला बेडूक! पाऊण तास डराव डराव, त्यात सुरक्षा औषधालाही नाही. मी उठले तशी शेजारी बसलेल्या मैत्रिणीनं बाही ओढली, "बस गं, खरंच विचारतेस की काय!" तोवर विचारून झालं होतं.

साहेब हसला. "नाजूक वस्तू आहे, बाळ. धूळ बसली की बिघडते. आणि तुझ्या बाबांचं नाक असताना यंत्र हवंय कशाला?"

टाळ्या! मास्तरसुद्धा वाजवत होते.

बाबांना सगळे 'नाकवाले' म्हणतात. रोज सकाळी कामाच्या पाळीच्या आधी ते एकटेच त्या कारखान्याच्या शेडमध्ये शिरतात, एकेका टाकीच्या तोंडाशी हुंगतात आणि बाहेर येऊन हात वर करतात. हात वर झाला की चाळीस माणसं आत. बारा वर्षं हेच चाललंय. त्याबद्दल कंपनीनं पत्र्याचा बिल्ला दिलाय, बाबा तो रोज राखेनं घासतात. कुत्र्यालाही गळ्यात पट्टा असतो, पण तो बिचारा स्वतः घासत तरी नाही.

आता एक वाफा भिजेपर्यंत बाबा खोकत खोकत तीनदा बांधावर बसतात. कंपनीचा डॉक्टर म्हणाला, "विडी सोडा." बाबांनी जन्मात विडी ओढलेली नाही. तर म्हणतो, "मग ओढणाऱ्यांजवळ बसू नका." असली विद्वान माणसं!

गेल्या सोमवारी कुंपणाकडची वांग्यांची पानं एका सकाळीत पांढरी पडली, उकळतं पाणी ओतल्यासारखी. त्याच सकाळी तिघं शेडमधून डोळे चोळत पळत बाहेर आले. त्यातल्या आमच्या काकाला दिवस मावळेपर्यंत धड श्वास घेता येईना. साहेबाचा निवाडा तयारच होता: "नाकवाल्यानं हात वर केला होता. म्हणजे गळती नव्हती." म्हणजे झाडांनी आपली पानं उगीचच जाळून घेतली असतील!

तेव्हापासून माझ्या मनात पाल चुकचुकत होती. आज टाळ्या ऐकल्या आणि राहवेना. घरी आले तर बाबा ओट्यावर दोरी वळत बसलेले. मी मागून गेले आणि फिनेलची बाटली उघडून त्यांच्या खांद्याशी धरली. काही नाही. मग रॉकेलचं फडकं धरलं.

"काय गं, मागे काय करतेस?"

"काही नाही. कसला वास येतोय का, बाबा?"

त्यांनी जोरात हुंगलं. "येतोय की. आईनं चूल पेटवली वाटतं."

चूल थंड होती. आई दारात उभी होती, हातात सरपणाचा भारा तसाच.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

बाबांचे हात थांबले. "झाली असतील दोन वर्षं."

"मग हात कशाच्या जोरावर वर करता?"

"डोळे चुरचुरले नाहीत तर करतो."

"आणि चुरचुरले तर?" मी म्हणाले.

"आताशा रोजच चुरचुरतात गं."

आईनं भारा धाडकन खाली टाकला. "माझा दीर मरता मरता वाचला! तोंडाला काय कुलूप होतं?"

"काय सांगू? नाकवाल्याचं नाक गेलं म्हणून? लोक हसतील. साहेब बिल्ला काढून घेईल." बोलता बोलता खोकला आला, तो थांबेचना. दोरी मांडीवरून घसरून मातीत पडली.

पाणी देऊन मी त्यांच्यासमोर उभी राहिले. पत्र्याच्या तुकड्याची आणि कुलपाच्या राखणदाराची मला इतकी किळस आली होती की भीतीला जागाच उरली नव्हती.

"दोघंही ऐका. उद्या पाळीच्या आधी मी फाटकावर उभी राहणार. बाबा, तुम्ही आत पाऊल टाकायचं नाही. चाळीस जणांना ओरडून सांगणार, माझ्या बाबांना वास येत नाही, यंत्र बाहेर आल्याशिवाय कुणी आत जाऊ नका. तिथून थेट सरकारी दवाखान्यात, तुमची छाती तपासायला. शाळा बुडाली तर बुडाली."

"अगं, पण साहेब..."

"साहेबाला म्हणावं, यंत्रावरची धूळ मी पुसून देईन."