गेले म्हणजे कुठे

नंदिता तंजावर जंक्शनच्या चौकशीच्या खिडकीत बसायची. तिचे वडील सीतारामराव मीटरगेजच्या दिवसांपासून याच स्टेशनात गार्ड होते, आजोबाही रेल्वेतलेच. घरात जुन्या वळणाची तंजावरी मराठी होती, पण मोठ्यांच्या तोंडी. नंदिताला समजे सगळे, उत्तर मात्र ती तमिळमध्ये देई.

त्या सकाळी रामेश्वरच्या गाडीतून एका वृद्ध यात्रेकरूला छातीत कळ आली म्हणून उतरवले. स्ट्रेचर आले, रेल्वेचे डॉक्टर धावले, अँब्युलन्स निघाली. त्यांची बायको द्वारकाबाई कराडकडची. या धावपळीत तिला कोणीतरी वेटिंग रूममध्ये बसवले. थोड्या वेळाने दवाखान्यातून फोन आला आणि स्टेशन मास्तर गोपालकृष्ण खिडकीशी आले.

"वाटेतच संपलं," ते तमिळमध्ये म्हणाले. "बाईंना मराठीखेरीज काही येत नाही. तूच सांग."

नंदिताने वडिलांना फोन लावला. ते जवळच्या पापनाशमला लग्नाला गेले होते. "मिळेल त्या गाडीने येतो," ते म्हणाले. "पण तोवर तिला एकटी ठेवू नकोस."

नंदिता द्वारकाबाईंसमोर गुडघ्यांवर बसली. आजोबा वारले तेव्हा घरातले आपल्या बोलीत जे म्हणाले होते, तेच तिने उच्चारले. "अम्मा, तेनें गेले."

म्हातारीचा चेहरा उजळला. "मराठी बोलतेस की गं! पण कुठं गेले? मला सोडून चहालासुद्धा जात नाहीत ते."

दुसरा सौम्य शब्द तिच्यापाशी नव्हता.

"मेले," ती म्हणाली.

द्वारकाबाईंनी हळूच विचारले, "जवळ कुणी होतं का?"

"मला ठाऊक नाही. विचारून येते."

हमाल रमण अँब्युलन्समधून सोबत गेला होता. तो परतताच नंदिताने त्याला आत आणले. तो तमिळमध्ये सांगू लागला, ती अडखळत मराठीत सांगत गेली.

"तेन्नी हात तोंडाशी नेला. रमणनं पाणी पाजलं. मग रमणचा हात धरला. सोडला नाही."

तेव्हा कुठे द्वारकाबाई रडल्या. नंदिताने त्यांना जवळ घेतले आणि तोडक्यामोडक्या मराठीत बोलत राहिली. सीतारामराव दुपारी पोहोचले, ते दारातच थबकले. लेकीचा मराठीतला आवाज त्यांनी कधी ऐकला नव्हता.

रात्री द्वारकाबाई नंदिताच्याच घरी राहिल्या. दुसऱ्या दिवशी त्यांचा मुलगा आला. एवढ्या लांब देह न्यायचा कसा, या विचारात तो होता. द्वारकाबाईच म्हणाल्या, "तीर्थालाच निघालो होतो. इथंही नदी आहे."

जवळच्या तिरुवैयारुला कावेरीकाठी अग्नी दिला. रमणही आला होता, मागे एकटा उभा. द्वारकाबाईंनी त्याला पुढे बोलावून मुलाला म्हटले, "यांच्या पाया पड."

रमण गडबडून मागे सरकला, पण मुलगा वाकलाच. मग सगळे बसच्या थांब्याकडे निघाले.