खाडीच्या तोंडावरची सरळ रेघ

आत्मारामचं सगळं पोट खाडीच्या तोंडाशी बांधलेलं. तिथं त्याच्या आज्यानं पाण्यात खुंट ठोकले, बापानं त्यांनाच जाळं लावलं, आणि आता तो लावत होता. नेमकी तिथूनच कंपनीला जेटी न्यायची होती. कोळशावर वीज काढायची, तर कोळशाची बोट खोल पाण्यात थांबणार, आणि तिथून किनाऱ्यापर्यंत खांबांवरून कोळसा येणार.

इंजिनियर वर्दे माणूस बरा. त्यांनी वाडीत येऊन वाळूत काठीनं रेघा ओढून दाखवल्या. "ही सरळ रेघ. स्वस्त पडते, पण तुमच्या खुंटांवरून जाते. ही दुसरी डोंगराच्या नाकाला वळसा घालून. महाग पडते, पण खुंट वाचतात. वाडीनं नाही म्हटलं, तर मी वरती वळशासाठी भांडतो. उद्या खांबांसाठी तळाला भोकं पाडून बघणार आहेत, ते बोअरिंग सुरू व्हायच्या आधी सांगा."

वाडीचं ठरलं, नाही म्हणायचं. आत्मारामनं उठून बोलायचं, कारण त्याचा आवाज वाडीत सगळ्यांत खणखणीत.

पण देवाला नारळ दिल्याशिवाय आमच्याकडे कुणी पाण्यात पाय तरी घालतो का? आधी गाऱ्हाणं, म्हणजे सगळ्यांच्या वतीनं देवापाशी मागणं. ते घालायचा मान पिढीजात रावजीचा. ह्या रावजीची जाळी नव्हती, लाँच होती, आणि ती कंपनीनं नुकतीच भाड्यानं घेतली होती. सगळ्यांना ठाऊक होतं. पण देवाच्या कामात मेला असलं काही करील, हे कुणाच्या मनातही आलं नाही.

रावजीनं नारळ हातात धरला, डोळे मिटले. "बा देवा म्हाराजा, ही तुजी लेकरं आज तुज्या पायाशी उभी हायत."

"व्हय म्हाराजा," वाडी म्हणाली.

"त्यांच्या पोराबाळांना सुखी ठेव."

"व्हय म्हाराजा."

"सायबानं सरळ रेघ आखलीय, ती तशीच तडीस जाऊंदे. कुणाची आडकाठी नाय."

"व्हय म्हाराजा."

आणि सगळ्यांत मोठा आवाज आत्मारामचा. लहानपणापासूनची सवय; कानांनी ऐकायच्या आधी तोंडानं म्हणून टाकलं. तो भानावर आला, तोवर खोबरं वाटायला लागले होते.

तो तडक वर्द्यांकडे गेला. "अहो, गाऱ्हाण्याच्या वेळी मी तुमच्या मागंच उभा होतो," वर्दे म्हणाले. "आता मी वरती कुठल्या तोंडानं भांडू? वाडीला आता उघड नाही म्हणू दे, मग बघतो."

वाडी कसली म्हणते! देवाशी बोललेलं फिरवायचं नाही, एवढंच जो तो सांगे. फिरवायचं तर गाऱ्हाणंच नव्यानं घालायला हवं, आणि ते घालणार कोण, तर रावजीच. घरी बायको, सगुणा, चुलीपुढून उठली नाही. "सगळ्या जल्मात एकदाच नाय म्हणायचं होतं तुमाला," ती म्हणाली. ते त्याला फार झोंबलं.

शेवटी तो रावजीच्या ओटीवर गेला, हातापाया पडला. रावजी सुपारी कातरत राहिला.

"देवाला आज एक आणि उद्या एक सांगू? माजा मान जाईल. तू खुंट काढून घे. मी सायबांना सांगून तुला जेटीवर वॉचमन लावतो. लावू ना?"

आत्मारामला वाटलं, त्याच्या हातातला अडकित्ता हिसकावून खाडीत भिरकावून द्यावा. पण घरात खाणारी तोंडं होती, आणि पुढच्या हंगामाला जाळं लावायला जागा नव्हती.

"व्हय आबा," तो म्हणाला. ह्या खेपेला नीट ऐकून, समजून.