हात कसा हलतो

बाबांनी फॉर्मची घडी चौथ्यांदा उलगडली, पुन्हा घातली आणि खिशात सारली. उजवा हात खिशातच राहिला.

समोर लेक शब्दकोशाची कार्डं पसरून बसली होती. साडेचारच्या आत नोंद छापखान्यात पोचायला हवी होती आणि एका ग्रीक क्रियापदापाशी तिचं घोडं अडलं होतं.

“कातासेइओ,” ती म्हणाली. “बोलायला उभा राहिलेला माणूस हाताने गर्दीला गप्प करतो, ते. कुणी ‘हात हलवला’ असं लिहितं, कुणी ‘हाताने खुणावलं’. पण हात नेमका हलतो कसा, ते कुणीच सांगत नाही.”

“मग त्या ग्रीकांनाच विचार.”

“ते गेले. तुम्ही आहात. तीस वर्षं क्रेनवाल्याला खुणा करताय.”

बाबा उठले, खिडकीशी गेले, परत येऊन बसले.

“आमच्याकडे गर्दी नसते. वर चार टन लोखंड, खाली माणसं.”

“तेच दाखवा. ‘सावकाश खाली घे’ म्हणताना काय करता?”

त्यांनी डावा हात वर केला.

“डावा? असा ढिला हात बघून क्रेनवाले काका झोपी जातील. उजवा दाखवा ना, लाजताय काय नव्या नवरीसारखे!”

खिशातून हात निघाला. तळवा खाली करून त्यांनी तो छातीपुढे धरला. बोटं बारीक, भराभर थरथरत होती.

“अगदी हेच!” लेकीने लिहायला घेतलं. “मूळ अर्थच ‘खाली हलवणं’. तळवा खाली, बोटांना कंप… वा, बाबा! हं, झालं.”

हात टेबलावर टेकला. तिथे पडलेलं पेनाचं टोपण लाकडावर टकटक वाजू लागलं.

“झालं म्हटलं ना,” ती हसत म्हणाली आणि तिने वर पाहिलं.

मग टोपण अलगद उचललं. आवाज थांबला. हात थांबला नाही.

“कधीपासून?”

“सहा महिने. हातमोजा घातला की दिसत नाही.”

“आणि कामावरची उद्याची वैद्यकीय तपासणी?”

बाबांनी खिशातला फॉर्म काढून पुढे सरकवला. ‘हात थरथरतात का?’ यापुढे ‘नाही’वर खूण होती, वेडीवाकडी, चौकटीबाहेर गेलेली.

कार्डावरचे ‘बोटांना कंप’ हे शब्द तिने सावकाश खोडले.

बाबा अर्धवट उठले, बसले. फॉर्म ओढून घेतला आणि मधोमध फाडला.

“असा कोरा आणखी एक मिळतो का, बघ जरा,” ते म्हणाले. “आणि पेन इथेच ठेव.”