आबांचा शड्डू

आमच्या तासगावकडच्या माणसाला बुद्धिबळ समजावता येईल, पण बरोबरी समजावणं महाकठीण. मैदानात कुस्ती बरोबरीत सुटली की इथे लोक खवळतात. त्यात आमचे आजोबा, हिंदुरावआबा, जुने पैलवान. बैलाने लाथ मारून गुडघा गेला म्हणून कुस्ती सुटली, असं ते सांगत.

सांगलीत बुद्धिबळाच्या स्पर्धेची शेवटची फेरी होती. मला बरोबरीचा अर्धा गुण मिळाला की जिल्ह्याच्या संघात जागा पक्की; हरले की संपलं. समोर धैर्यशील, माझ्यापेक्षा दांडगा खेळाडू, आणि माझ्याकडे काळ्या सोंगट्या. म्हणून मी कॅरो-कान हा बचाव ठरवला. पहिल्या चालीला प्यादं एकच घर सरकवायचं आणि त्याच्या आधाराने दुसरं मध्ये रोवायचं. दिसायला मुळमुळीत, फोडायला अवघड.

"एकच घर?" एसटीत आबा गरजले. "आगं, लाजतीस का भितीस?"

"आवं आबा, मला बरोबरीच पायजे."

शेजारचा प्रवासीसुद्धा माझ्याकडे कीव करून बघू लागला.

डाव अगदी मनासारखा रटाळ चालला. भिंत फुटेना, तेव्हा धैर्यशीलने कंटाळून बरोबरी मागायला तोंड उघडलं. तेवढ्यात त्या शांत सभागृहात फाडकन आवाज झाला. आबांनी शड्डू ठोकला होता!

"निकाली हुं द्या!"

पंचांनी त्यांना बाहेर काढलं, पण व्हायचं ते झालं होतं. धैर्यशीलही पैलवानांच्याच घरातला. त्याने तोंड मिटलं आणि माझ्या राजापुढे घोडा झोकून दिला. आबांचा इतका राग मला कधीच आला नव्हता.

तरी भिंत टिकली. हल्ला विरला आणि त्याचा घोडा फुकट गेला. आता मी जिंकू शकत होते, पण घड्याळात वेळ उरला नव्हता. खिडकीबाहेरून आबा मुठी नाचवत होते. मी बरोबरी मागितली. धैर्यशीलने घाईघाईने हात पुढे केला.

परतीच्या एसटीत आबा माझ्याकडे वळले.

"जिकत हुतीस की."

"व्हय. पण अर्धाच लागत हुता."

ते गुडघा चोळत राहिले. "बैलानं न्हाई मारलं गं. कुस्ती बरोबरीत सुटत हुती. लोकं निकाली, निकाली वरडली, आन म्या येड्यावानी घुसलो."

माझा राग कुठल्या कुठे गेला. तेवढ्यात कंडक्टर आला. आबांनी छाती काढून त्याला सांगितलं, "नात जिल्ह्याच्या संघात गेली."

"जिंकली का?"

"पडली न्हाई," आबा म्हणाले.